पानातली वाळू, पानावरची धूळ

उसाच्या फडातून उघड्या हातांनी चालले की पात्यांच्या कडांनी कातडीवर बारीक चरे उमटतात. भाताच्या खाचरातही हाच अनुभव येतो. टोमॅटोच्या किंवा द्राक्षाच्या पानाने मात्र हात कधी चिरत नाही. दोन्ही पाने हिरवी, दोन्ही सूर्यप्रकाशात अन्न तयार करणारी. मग हा फरक कशामुळे पडतो? ऊस आणि भात ही गवताच्या कुळातील पिके आपल्या पानांत सिलिका साठवून ठेवतात. सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. गारगोटी म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिकाच. भाताचे तूस जाळून उरलेल्या राखेने भांडी आणि दात घासण्याची पद्धत आपल्याकडे होती, तिचे कारणही हेच. चांगल्या जळलेल्या तुसाच्या राखेत साधारण ८५ ते ९५ टक्के सिलिका असते.

भाजीपाला आणि फळपिके यांच्या पानांत सिलिकॉन किती असते, हा प्रश्न आता शेतकरीही विचारू लागले आहेत. बाजारात सिलिकॉनयुक्त खते आणि फवारण्या आल्या आहेत. त्यांमुळे भुरीसारखे रोग कमी होतात, पाने ताठ राहतात, असे सांगितले जाते. त्यात तथ्य किती हे पुढे पाहूच. पण पिकाला दिलेले सिलिकॉन पानाच्या आत पोचले की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि हे मोजणे दिसते तितके सोपे नाही. अडचण सिलिकॉनच्या दुर्मिळपणाची नाही, त्याच्या विपुलतेची आहे. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल याच मूलद्रव्याचा क्रमांक लागतो. वजनाने ते सुमारे २८ टक्के आहे. माती, रस्त्यावरची धूळ, विहिरीचे पाणी, प्रयोगशाळेतील काच, चिनी मातीची मूस, या सगळ्यांत ते आहे. जे सगळीकडे आहे, त्यातले पानाचे स्वतःचे किती, एवढेच वेगळे काढून कसे मोजायचे, हे या लेखात समजावून घेऊ.

मुळापासून पानापर्यंत

जमिनीतील पाण्यात सिलिकॉन विरघळलेले असते ते सिलिसिक आम्लाच्या रूपात. मध्यभागी सिलिकॉनचा एक अणू आणि त्याच्याभोवती चार हायड्रॉक्सिल गट, अशी या रेणूची रचना असते. सामू ९ पेक्षा कमी असेल, आणि शेतजमिनीत तो बहुधा असतोच, तर या रेणूवर विद्युतभार नसतो. जमिनीतील एक लिटर पाण्यात साधारणपणे ३ ते १७ मिलिग्रॅम सिलिकॉन या रूपात आढळते. विरघळलेल्या फॉस्फरसच्या मानाने हे प्रमाण कितीतरी जास्त आहे.

असे असले तरी सगळ्या वनस्पती ते सारखे घेत नाहीत. वनस्पतींच्या कोरड्या वजनात सिलिकॉनचे प्रमाण ०.१ टक्क्यापासून १० टक्क्यांपर्यंत बदलते. वरच्या टोकाला भात आहे. काकडी आणि भोपळा यांचे कुळ मधल्या गटात मोडते. टोमॅटो खालच्या टोकाला असून त्याच्या पानात सिलिकॉन सहसा ०.२ टक्क्याच्याही आत असते. हा फरक मुळांतील प्रथिनांमुळे पडतो. जपानमधील जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाताच्या मुळांतील अशी दोन प्रथिने शोधून काढली. २००६ साली सापडलेले पहिले प्रथिन सिलिसिक आम्लाला पेशीत शिरू देणाऱ्या दरवाजासारखे आहे. २००७ साली सापडलेले दुसरे प्रथिन ऊर्जा खर्च करून तेच आम्ल पेशीतून बाहेर, मुळाच्या गाभ्याच्या दिशेने ढकलते. पहिल्याने आत घ्यायचे आणि दुसऱ्याने पुढे पाठवायचे, अशी ही जोडी आहे.

मुळांतून वर गेलेले पाणी पानातून वाफ होऊन निघून जाते, सिलिसिक आम्ल मागे राहते. त्याचे प्रमाण लिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम सिलिकाच्या पलीकडे गेले की रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागतात. आधी त्यांची खळ बनते आणि पुढे तीच कडक होते. पानाच्या पेशींत आणि बाह्यत्वचेखाली जमा झालेल्या या सूक्ष्म कणांना फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीने घडवलेले दगड, असे म्हणतात.

मोजणाऱ्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, एकदा घट्ट झालेली सिलिका त्या पानातून हलत नाही. नायट्रोजन जुन्या पानातून नव्या पानाकडे जाऊ शकतो, सिलिका जात नाही. म्हणून एकाच वेलावर खालच्या जुन्या पानात सिलिकॉन जास्त आणि शेंड्याकडील कोवळ्या पानात कमी सापडते. दुसरी गोष्ट अशी की, ही सिलिका नेहमीच्या आम्लांत विरघळत नाही. पोटॅश, कॅल्शियम, जस्त इत्यादी मोजण्यासाठी पानाची पूड नायट्रिक आम्लासारख्या तीव्र आम्लात शिजवतात आणि द्रावण गाळून घेतात. त्या वेळी गाळणकागदावर जो पांढुरका चोथा उरतो, त्यात पानातील सिलिका असते. म्हणजे पाने तपासण्याच्या रूढ पद्धतीत जे टाकून दिले जाते, तेच आपल्याला मोजायचे आहे.

एकच काकडी, दोन खुंट

हे मोजून काय साधते, याचे एक बोलके उदाहरण जपानमधील काकडीचे आहे. तेथे काकडीचा वेल भोपळ्याच्या खुंटावर कलम करून वाढवण्याची पद्धत रूढ आहे. काकडीच्या फळावर पुष्कळदा पांढरट भुकटीचा पातळ थर दिसतो. हा थर मुख्यतः सिलिकाचा असतो आणि तो वेलानेच तयार केलेला असतो. पण गिऱ्हाइकांना तो कीटकनाशकाचा अंश वाटे. १९८० नंतरच्या दशकात भोपळ्याचे असे खुंट वापरात आले की ज्यांच्यावर कलम केल्यास काकडी चकचकीत, भुकटीविना येई. बाजारात तिला मागणी आली आणि शेतकरी त्या खुंटांकडे वळले.

पुढे असे दिसून आले की, या वेलांवर भुरीचा रोग अधिक येतो. वरची काकडी तीच, बदलला होता तो फक्त खालचा खुंट. दोन्ही प्रकारच्या वेलांची पाने तपासली असता चकचकीत फळे देणाऱ्या वेलांच्या पानांत सिलिकॉन फारच कमी भरले. २०११ साली मा यांच्या गटाने यामागचे कारणही दाखवून दिले. दोन्ही खुंटांत सिलिसिक आम्लाचा दरवाजा असलेले प्रथिन आहेच. पण भुकटीविना काकडी देणाऱ्या खुंटात त्या प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदललेले आहे. त्यामुळे ते प्रथिन पेशीच्या बाहेरील पटलापर्यंत पोचत नाही, आतच अडकून पडते. दरवाजा तयार आहे, पण भिंतीत बसवलेलाच नाही, असा हा प्रकार झाला.

सिलिकॉन पानात असले म्हणजे भुरी का कमी होते, याविषयी पूर्वी असे मानत की सिलिकाच्या थरामुळे बुरशीला आत शिरता येत नाही. काकडीवर झालेल्या पुढील संशोधनात आणखी एक गोष्ट लक्षात आली. सिलिकॉन मिळालेला वेल बुरशीचा हल्ला होताच बुरशीनाशक संयुगे अधिक त्वरेने बनवतो. कारण कोणतेही असो, त्यासाठी सिलिकॉन मुळांवाटे पानात पोचलेले असले पाहिजे. तेव्हा पुन्हा मोजणीकडे येऊ.

धुळीचा हिशेब

समजा, आपण तपासणीसाठी पानाची १०० मिलिग्रॅम कोरडी पूड घेतली. तिच्यात अवघी ०.१ मिलिग्रॅम धूळ मिसळलेली आहे, म्हणजे पुडीच्या हजाराव्या भागाइतकी. मातीत सिलिकॉन साधारण २५ टक्के धरले, तर या धुळीबरोबर २५ मायक्रोग्रॅम सिलिकॉन आले. आता तीन पाने तपासू. भाताच्या पानात ५ टक्के सिलिकॉन असेल, तर पुडीत ते ५,००० मायक्रोग्रॅम आहे. धुळीमुळे उत्तर अर्ध्या टक्क्याने चुकेल. काकडीच्या पानात १ टक्का असेल, तर १,००० मायक्रोग्रॅम. चूक अडीच टक्क्यांची. टोमॅटोच्या पानात ०.१ टक्का असेल, तर १०० मायक्रोग्रॅम. आणि चूक थेट २५ टक्क्यांची!

धूळ तीच, तेवढीच. पण भाताच्या बाबतीत जिच्याकडे दुर्लक्ष करून चालते, तीच टोमॅटोच्या बाबतीत सारा निष्कर्ष फिरवू शकते. भातासाठी बसवलेल्या पद्धती भाजीपाल्याला आणि फळझाडांना जशाच्या तशा का लावता येत नाहीत, हे या हिशेबावरून स्पष्ट होईल. शिवाय काकडी आणि टोमॅटो यांच्या पानांवर लव असते. टोमॅटोची लव तर चिकट असते. वाऱ्याने आलेली धूळ तिच्यात अडकून बसते.

म्हणून पाने तोडल्यावर लगेच, ती सुकण्याच्या आत, सौम्य साबणाच्या पाण्याने आणि नंतर दोनतीन वेळा शुद्ध पाण्याने धुवावी लागतात. पान धुतल्याने त्याची स्वतःची सिलिका जाईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ती पेशींत घट्ट बसलेली असते. धुऊनही धूळ राहिली का, हे पाहण्याची एक युक्ती आहे. मातीत टायटॅनियम असते आणि झाडे ते जवळजवळ घेतच नाहीत. तेव्हा पानाच्या पुडीत टायटॅनियम लक्षात येण्याइतके सापडले, तर ते मातीबरोबरच आले असले पाहिजे आणि त्याच मातीने सिलिकॉनचा आकडाही फुगवलेला असणार.

नमुन्यासाठी पान कोणते घ्यायचे, हेही आधी ठरवावे लागते. जुन्या पानात सिलिकॉन जास्त असते हे आपण पाहिले. एका शेतातील खालची पाने आणि दुसऱ्या शेतातील वरची पाने घेऊन तुलना केली, तर ती पानांच्या वयाची तुलना होईल. त्यामुळे शेंड्यापासून ठरावीक क्रमांकाचे, नुकतेच पूर्ण वाढलेले पान प्रत्येक झाडावरून घेतात आणि वीसपंचवीस झाडांची पाने एकत्र करतात.

पुढची पायरी पूड करण्याची. प्रयोगशाळेतील कठीण आणि स्वच्छ खल म्हणजे अकीकाचा. पण अकीक ही स्वतः सिलिकाच आहे! इतर मूलद्रव्यांसाठी जो खल उत्तम, तो येथे टाळलेला बरा. आम्ही अशा वेळी पोलादी चक्की पसंत करतो.

राखेपासून सुरुवात

सिलिका मोजण्याची सर्वांत जुनी पद्धत वजनाची आहे. वाळलेले पान सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून राख करतात. राखेवर हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ती तापवतात. पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळून जातात, सिलिका उरते. ती गाळून, धुऊन, पुन्हा तापवून वजन करतात.

या पद्धतीचे साधे रूप शाळेत करून दाखवता येते. भाताचे तूस आणि टोमॅटोची नीट धुऊन वाळवलेली पाने समान वजनाने घ्यावीत. चिनी मातीच्या वेगवेगळ्या मुशींत ठेवून मोकळ्या जागी, धूर थांबेपर्यंत आणि राख फिकी होईपर्यंत ती जाळावीत. दोन्हींची राख भरपूर निघते. मग प्रत्येक राखेवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे; हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. टोमॅटोच्या राखेतून बुडबुडे येतात, कारण तिच्यात कार्बोनेट असते, आणि पाहता पाहता बहुतेक राख विरघळते. तुसाची राख जशीच्या तशी राहते. धुतलेली राख सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तुसाच्या पृष्ठभागावरील उंचवट्यांच्या ओळी तिच्यात कायम राहिलेल्या दिसतात. पेशी जळून गेल्या, त्यांचा साचा उरला. दोन्ही झाडे एकाच मातीत वाढू शकतात, तरी त्यांच्या राखेत इतका फरक का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना आपण होऊन पडतो.

भातासाठी ही पद्धत पुरेशी चांगली आहे. भाजीपाल्यासाठी मात्र ती अपुरी पडते. टोमॅटोच्या एका ग्रॅम पानातून जेमतेम दोन मिलिग्रॅम सिलिका निघणार. गाळणकागदाला चिकटलेले कण आणि चुकार वाळू यांनीच ते वजन बदलेल. आम्लात न विरघळणारी वाळू आणि पानाची सिलिका यांत तराजू भेद करत नाही.

विरघळवण्याची पंचाईत

थोडे सिलिकॉन अचूक मोजायचे तर ते द्रावणात आणावे लागते. सिलिका सहज विरघळवणारे एक आम्ल आहे, हायड्रोफ्लुओरिक आम्ल. ते कातडीतून आत शिरते, शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते आणि थोड्या अपघातानेही जीव घेऊ शकते. शाळेत तर ते आणूच नये. खास सोयी नसलेल्या प्रयोगशाळेतही ते वापरू नये.

दुसरा मार्ग अल्कलीचा. १९९१ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातील एलियट आणि स्नायडर यांनी भाताच्या पेंढ्यासाठी एक सोपी रीत प्रसिद्ध केली. पानाची १०० मिलिग्रॅम पूड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ५० टक्क्यांचा कॉस्टिक सोडा प्लॅस्टिकच्या नळीत घेऊन ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्येच म्हणा ना, तासभर ठेवायची. पेरॉक्साइड पानाचा सेंद्रिय भाग नष्ट करतो, सोडा सिलिका विरघळवतो. २०१० साली लुइझियानातील क्रास्का आणि ब्रायटनबेक यांनी हीच रीत साध्या ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये बसवली. फेस आवरण्यासाठी त्यांनी ऑक्टेनॉल या अल्कोहोलचे काही थेंब आधीच घातले आणि शेवटी अगदी थोडे अमोनियम फ्लुओराइड. या फ्लुओराइडचे काम महत्त्वाचे आहे. विरघळलेल्या सिलिकेचे रेणू एकमेकांना धरून साखळ्या करून राहतात. फ्लुओराइडमुळे त्या सुटतात आणि रेणू एकेकटे होतात. पुढची रंगाची क्रिया फक्त एकेकट्या रेणूंशीच होते. साखळीतले रेणू तिला दिसतच नाहीत आणि उत्तर कमी येते.

नळी प्लॅस्टिकची का, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. प्रयोगशाळेतील नेहमीच्या काचेत सुमारे ८० टक्के सिलिका असते. गरम, तीव्र सोड्यात काच झिजते. काचेच्या नळीत पान शिजवले, तर आपण पानाऐवजी नळी मोजू.

चिंचेतले आम्ल आणि निळा रंग

आता द्रावणातील सिलिकॉन डोळ्यांना दिसले पाहिजे. आम्लधर्मी केलेल्या द्रावणात अमोनियम मॉलिब्डेट घातले की सिलिसिक आम्लाशी त्याचा संयोग होऊन पिवळे संयुग तयार होते. योग्य क्षपणक घातल्यावर त्याचा गडद निळा रंग होतो. निळे द्रावण तांबडा प्रकाश शोषते. म्हणून रंगमापकात सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश त्यातून पाठवून किती शोषला गेला ते पाहतात. सिलिकॉन जितके जास्त, तितका रंग गडद आणि शोषण अधिक. माहीत असलेल्या प्रमाणांची चारपाच द्रावणे आधी मोजून आलेख काढतात आणि अज्ञात नमुन्याचे प्रमाण त्या सरळ रेषेवरून वाचतात.

येथे एक तोतया शिरतो. फॉस्फेटही मॉलिब्डेटबरोबर असेच पिवळे संयुग बनवते आणि तेही निळे होते. पानांत फॉस्फरस साधारण ०.२ ते ०.५ टक्के असतो. भातात तो सिलिकॉनपुढे नगण्य. टोमॅटोत मात्र तो सिलिकॉनच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. त्याला आवरले नाही, तर निळ्या रंगातील मोठा भाग फॉस्फरसचा असेल आणि आपण त्याला सिलिकॉन समजू.

याला उपाय म्हणजे टार्टारिक आम्ल. चिंचेला आंबटपणा देणारे तेच हे आम्ल. पिवळा रंग आल्यावर सुमारे पाच मिनिटांनी ते घातले की फॉस्फरसचे संयुग मोडते आणि सिलिकॉनचे टिकून राहते. मग क्षपणक घालतात आणि सुमारे अर्ध्या तासाने रंग मोजतात. क्रम आणि वेळ पाळणे येथे आवश्यक आहे. टार्टारिक आम्ल आधीच घातले, तर सिलिकॉनचे संयुग नीट तयार होत नाही. ते घालून फार वेळ दवडला, तर सिलिकॉनचे संयुगही हळूहळू मोडू लागते. प्रत्येक नमुन्याला तीच वेळ दिली, तरच आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

मोठ्या प्रयोगशाळांत आज इतरही साधने आहेत. काही यंत्रे द्रावण अतितप्त प्लाझ्मात फवारून सिलिकॉनचा विशिष्ट प्रकाश मोजतात. काही यंत्रांत पानाच्या पुडीची वडी दाबून तिच्यावर क्ष-किरण टाकतात आणि परत येणाऱ्या किरणांवरून सिलिकॉन ओळखतात. या रीतीत पान विरघळवावेच लागत नाही. पण पानावरची धूळ यांपैकी कोणत्याही यंत्राला वेगळी काढता येत नाही. यंत्र कितीही महाग असले तरी पान धुवावेच लागते.

कोरी चाचणी

इतकी काळजी घेतली तरी थोडे परके सिलिकॉन येतेच. कॉस्टिक सोड्यात ते अशुद्धी म्हणून असते. शुद्ध केलेल्या पाण्यातही ते लपून येऊ शकते. आयन-विनिमय पद्धतीने पाणी शुद्ध करणारे राळेचे स्तंभ जुने होऊ लागले की त्यांच्यातून आधी सिलिकाच निसटते. सिलिसिक आम्लावर विद्युतभार जवळजवळ नसल्यामुळे विद्युतवाहकता मोजून ते कळत नाही. मीटर पाणी शुद्ध असल्याचे सांगत राहतो आणि पाण्यातून सिलिका येत राहते.

म्हणून प्रत्येक वेळी कोरी चाचणी करतात. पान सोडून सर्व काही तसेच: तीच नळी, तोच सोडा, तेच पाणी, तितकाच वेळ. तिच्यात जो निळा रंग येईल तो नमुन्याच्या रंगातून वजा करायचा. एक कोरी चाचणी पुरत नाही, चारपाच कराव्या लागतात. त्या एकमेकींशी जुळत नसतील, तर त्यांच्यातील तफावतीपेक्षा लहान फरक पानांत सापडल्याचे सांगू नये. याखेरीज आम्ही एका नमुन्यात माहीत असलेले सिलिकॉन मुद्दाम मिसळतो आणि शेवटी ते तितकेच परत मिळते का हे पाहतो. १०० मायक्रोग्रॅम घातले आणि ७० च परत आले, तर वाटेत कुठेतरी ते साखळ्या करून बसले असले पाहिजे. कोरी चाचणी फुगलेला आकडा दाखवते, मिसळून परत मोजणे घटलेला आकडा दाखवते.

आकडा वाचताना

तपासणीचा अहवाल हातात आल्यावर पहिला प्रश्न विचारावा: आकडा सिलिकॉनचा की सिलिकाचा? एक ग्रॅम सिलिकॉन म्हणजे २.१४ ग्रॅम सिलिका. एका प्रयोगशाळेने १ टक्का सिलिकॉन म्हटले आणि दुसरीने २.१४ टक्के सिलिका म्हटले, तर दोघींचे म्हणणे एकच आहे. एक अहवाल एका भाषेत आणि दुसरा दुसऱ्या भाषेत असेल, तर काहीही न करता पानातील सिलिकॉन दुप्पट झाल्याचा भास होतो.

दुसरा प्रश्न फवारणीचा. आपल्याकडे द्राक्षबागांना भुरीचा मोठा त्रास असतो. पोटॅशियम सिलिकेटच्या फवारणीने द्राक्षाच्या पानांवरील भुरी कमी होते, असे कॅनडातील संशोधकांनी १९९२ साली दाखवले होते. पानाच्या पृष्ठभागावर जेथे सिलिकेटचा जाड थर बसला होता, तेथे बुरशी वाढली नाही. काकडीवरील पुढील अभ्यासातही असेच दिसले की, पानावर फवारलेले सिलिकॉन मुख्यतः पृष्ठभागावर राहून काम करते, तर मुळांवाटे दिलेले झाडाची अंतर्गत प्रतिकारशक्ती जागी करते. दोन्हींचा उपयोग आहे, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फवारलेले पान तोडून न धुता तपासले, तर अहवालात सिलिकॉन वाढलेलेच दिसणार. तो फवारणीचा वाळलेला थर असतो. पानाने ते घेतले असे त्यावरून म्हणता येत नाही. खरे काय झाले हे पाहायचे असेल, तर फवारणीनंतर उमललेली पाने घ्यावीत किंवा फक्त मुळांना सिलिकॉन दिलेल्या वेलांची पाने शेजारी ठेवून तपासावीत. आणि सिलिकॉन अजिबात न दिलेल्या वेलांची पाने तर हवीतच. तुलनेला असे वेल नसतील, तर एकट्या आकड्यावरून खर्च फुकट गेला की सत्कारणी लागला, हे ठरवता येत नाही.

मोजता न आलेले शून्य

शेवटी, याच अडचणीचा वनस्पतिशास्त्रावर झालेला एक परिणाम सांगितला पाहिजे. अर्नन आणि स्टाउट यांनी १९३९ साली आवश्यक मूलद्रव्याची कसोटी ठरवून दिली: जे नसेल तर झाड आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही, ते आवश्यक. ही कसोटी लावायची तर झाड त्या मूलद्रव्याशिवाय वाढवून पाहिले पाहिजे. सिलिकॉनच्या बाबतीत ते कधीच पुरते साधत नाही. पाणी, क्षार, भांडी आणि हवेतील धूळ यांतून ते थोडे तरी येतेच. उच्च वनस्पतींसाठी सिलिकॉन आवश्यक आहे असे सर्वसाधारणपणे सिद्ध झालेले नाही. पाठ्यपुस्तकांतील आवश्यक मूलद्रव्यांच्या यादीत ते दिसत नाही, ते यामुळेच. इमॅन्युएल एपस्टाइन यांनी १९९४ साली या विसंगतीकडे लक्ष वेधले. प्रयोगशाळेत वनस्पती वाढवण्याच्या रूढ द्रावणांत सिलिकॉन घालतच नाहीत. आणि मातीत वाढणारे एकही झाड तर सिलिकॉनशिवाय राहत नाही. मग प्रयोगशाळेतील ते झाड नेहमीचे झाड कसे मानायचे, असा त्यांचा प्रश्न होता.

वर्गात आवश्यक मूलद्रव्यांचा तक्ता शिकवताना हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हरकत नाही. यादीत नाव नाही, याचा अर्थ ते मूलद्रव्य निरुपयोगी आहे असा होत नाही. भुरी आलेल्या चकचकीत काकडीच्या वेलांनी ते दाखवले आहे. सोबत धुळीचा हिशेबही त्यांच्याकडून करून घ्यावा. पूड १०० मिलिग्रॅमऐवजी ५०० घेतली आणि धुळीचे प्रमाण तेच राहिले, तर टोमॅटोच्या उत्तरातील चूक कमी होईल का? धूळ पानावरून आली असेल तर काय होईल आणि नळीतून आली असेल तर काय होईल? पहिल्या बाबतीत नमुना वाढवून काही फरक पडत नाही, कारण पानाबरोबर धूळही वाढते. दुसऱ्या बाबतीत पडतो. एवढा फरक ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या विचाराने सांगता येईल, त्याला मोजमाप म्हणजे काय हे समजले असे खुशाल मानावे.